बँकेने कोर्टात दावा लावलाय, समन्स आलंय, आता नक्की काय करायचं

समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ दारात आला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "सांग घरी नाहीत म्हणून". मीपण तेच केलं होतं. बायकोला पुढे केलं आणि आतल्या खोलीत बसून राहिलो. त्या माणसाने शांतपणे तिचं नाव विचारलं, माझ्याशी नातं विचारलं, एका कागदावर सही घेतली, दोऱ्याने बांधलेला जाडजूड गठ्ठा तिच्या हातात दिला आणि निघून गेला. मला वाटलं वाचलो. प्रत्यक्षात त्याच मिनिटाला माझे दिवस मोजायला सुरुवात झाली होती, कारण घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाने समन्स घेतलं की ते तुम्हाला मिळालं असंच धरतात. घ्यायला नकार दिला तर बेलिफ दारावर चिकटवतो, रजिस्टर पोस्ट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेलं तरी कोर्ट बजावणी झाली म्हणतं. म्हणजे लपून फायदा शून्य, उलट दाव्यात काय लिहिलंय हेच तुम्हाला कळत नाही.

म्हणून पहिलं काम, पाकिटावर किंवा समन्सच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने आजची तारीख लिहा आणि कोणी घेतलं तेही लिहा. पुढे सगळा हिशोब याच तारखेवरून होतो. पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का कामाला येतो.

आता हातात नेमका कुठला कागद आहे ते बघा. लोक सगळ्यालाच "कोर्टाची नोटीस आली" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. वकिलाच्या लेटरहेडवर "पंधरा दिवसात पैसे भरा अन्यथा" असं असेल तर ती फक्त नोटीस, दावा अजून लागलेला नाही. लोकअदालतीची नोटीस असेल तर तेही समन्स नाही, तडजोडीला बोलावलंय एवढंच, जावं, बोलावं, पटलं नाही तर सही न करता घरी यावं. चेक बाऊन्सचं म्हणजे १३८ चं समन्स असेल तर ती फौजदारी केस, तिथे हजर राहिला नाहीत तर वॉरंट निघू शकतं आणि त्याचा रस्ता पूर्ण वेगळा. घर किंवा दुकान तारण असेल आणि सरफेसी कायद्याची (बँकेला तारण मालमत्ता स्वतःच ताब्यात घेऊ देणारा कायदा) १३(२) ची नोटीस असेल तर ६० दिवस असतात, त्यात बँकेला लेखी हरकत द्यायची आणि बँकेने १५ दिवसात कारणं देऊन उत्तर द्यायचं असतं, पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसात डीआरटीत म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायचं. थकबाकी २० लाख किंवा त्याच्या वर असेल तर बँक दिवाणी कोर्टात न जाता थेट डीआरटीत जाते, महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) आहेत. आणि सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर बहुतेक वेळा दावाच नसतो, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे वसुली दाखल्याचा अर्ज असतो. ही नोटीस कोर्टाची वाटत नाही म्हणून लोक सरळ दुर्लक्ष करतात आणि मग दाखला घेऊन वसुली अधिकारी जप्तीला येतो तेव्हा धावतात, त्या वेळी रिव्हिजन म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणी मागायची म्हटलं तर आधी निम्मी रक्कम भरायला लागते. १०१ ची नोटीस आली की पहिल्याच तारखेला जा आणि लेखी म्हणणं द्या, एवढं तरी करा.

व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेला पीडीएफ आला आणि खाली "दोन तासात भरा नाहीतर अटक" असं असेल तर घाबरायच्या आधी सीएनआर नंबर शोधा. खऱ्या केसला सोळा अक्षरी आकडी सीएनआर नंबर असतो, महाराष्ट्रातल्या कोर्टाचा एमएच ने सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की केस, कोर्ट, पुढची तारीख सगळं दिसतं. नंबर नसेल तर नावाने शोधा. खरी केस असेल तर हे ॲप पुढची दोन-तीन वर्षं तुमच्या मोबाईलमध्ये राहू द्या, वकिलाचा फोन लागो न लागो तारीख तरी कळते.

बरं, आता समजू की खरंच दिवाणी कोर्टाचं समन्स आहे. तर त्याच्या वरच्या भागात बघा, साधा दावा आहे की समरी दावा. ही गोष्ट मी जाड अक्षरात लिहायला हवी. समरी दावा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा, बँका डीपी नोट म्हणजे वचनचिठ्ठी किंवा लेखी कर्ज कराराच्या जोरावर तो लावतात. यात तुम्हाला समन्स मिळाल्यापासून फक्त १० दिवस असतात, तेवढ्यात कोर्टात स्वतः किंवा वकिलामार्फत हजेरी नोंदवायची आणि कागद कुठल्या पत्त्यावर पाठवायचे ते द्यायचं. कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर नाही द्यायचं, नुसती हजेरी. ती नाही दिली तर दाव्यातलं सगळं तुम्हाला मान्य आहे असं धरून थेट हुकूमनामा म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल होऊ शकतो, पुरावा वगैरे काही नाही. हजेरी दिलीत की बँक दुसरं समन्स पाठवते, समन्स फॉर जजमेंट, आणि ते मिळाल्यावर परत १० दिवसात शपथपत्रासह अर्ज करायचा की मला बचाव करायची परवानगी द्या. त्यात नुसतं "दावा खोटा आहे" चालत नाही, ठोस मुद्दा दाखवायला लागतो, की बघा हे हप्ते धरले नाहीत, ही सही माझी नाही, ही मुदत संपलीय. आणि एक खाच लक्षात ठेवा, शपथपत्रात अमुक इतके पैसे देणं आहे असं कबूल केलंत तर तेवढी रक्कम कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगी मिळत नाही. म्हणून तिथे आकडा लिहिताना दहा वेळा विचार.

साधा दावा असेल तर थोडा श्वास घ्यायला जागा आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसात लेखी कैफियत द्यायची, कारण सांगून मुदत मागितली तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्याच्यापुढेही कधी कधी दंड भरून कैफियत घेतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण दाव्याची रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि तो कमर्शियल दावा म्हणून लावला असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत घेतच नाहीत, कितीही रडलात तरी.

इथे सगळे विचारतात ते म्हणजे, पैसे तर मी घेतले होते, नोकरी गेली म्हणून थकले, मग उत्तर देऊन काय उपयोग. माझंही तेच होतं. मला कोणीतरी शहाण्या माणसाने सांगितलं, अरे तू पैसे घेतलेस का हा प्रश्नच नाहीये, बँक मागतेय तो आकडा बरोबर आहे का हा प्रश्न आहे. तू गप्प बसलास तर त्यांचा आकडा हाच खरा आकडा. नंतर गठ्ठा सोडून खाते उतारा बघितला आणि ते पटलं.

उतारा कसा वाचायचा ते सांगतो, कारण पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात आणि वकील लोकांना एवढा वेळ नसतो, हे आपणच बसून करायचं काम आहे. एका बाजूला बँकेने दाव्यासोबत जोडलेला उतारा ठेवा, दुसऱ्या बाजूला तुमचं ज्या खात्यातून हप्ता कटायचा त्याचं पासबुक, आणि हातात पेन्सिल. पहिल्या महिन्यापासून एकेक हप्ता टिक करत या. माझ्या दाव्यात २ लाख ८६ हजार मागितले होते. टिक करत आलो तर दोन हप्ते पासबुकात कटलेले पण कर्जखात्यात जमाच नव्हते, वसुलीवाल्याला रोख दिलेले ६ हजार होते ज्याची पावती माझ्याकडे होती तेही नव्हते. मग नजर खर्चाच्या रकान्याकडे. दर बाऊन्सला चार्ज, त्यावर पुढच्या महिन्यात व्याज, दंडव्याज, आणि ते दंडव्याज मुद्दलात मिळवून परत त्यावर व्याज. हे शेवटचं चालत नाही. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या निकालात सांगितलंय की दंडव्याज मुद्दलात मिळवता येत नाही, आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात दंडव्याजच बंद करून दंडशुल्क घ्या आणि त्यावर पुढे व्याज लावू नका असं सांगितलं, नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. अशा सगळ्या ओळी वेगळ्या कागदावर काढा, तारीख, रक्कम, कशाबद्दल. तो एक पानाचा तक्ता कैफियतीला जोडला की बँकेच्या वकिलाचा सूर बदलतो, अनुभव आहे.

उलट "व्याज फारच जास्त आहे हो साहेब" एवढाच बचाव घेऊन जाऊ नका. बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्टाला व्यवहार उघडता येत नाही असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ए म्हणतं, क्रेडिट कार्डच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा निर्णयपण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. करारात जो दर होता त्यापेक्षा जास्त लावलाय का, हे मात्र नक्की बघा.

दुसरी मोठी गोष्ट मुदत. विनातारण कर्ज, क्रेडिट कार्ड असल्या पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षं, घर गहाण असेल तर त्या गहाणाच्या वसुलीला १२ वर्षं. पण ३ वर्षं नुसती शेवटच्या हप्त्यापासून मोजून खूश होऊ नका. मुदत संपायच्या आत तुम्ही बँकेला "इतके बाकी आहेत, सवलत द्या" असं सहीनिशी पत्र दिलं असेल किंवा थोडे पैसे भरले असतील तर तिथून पुन्हा ३ वर्षं सुरू. शिवाय कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ एवढा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळलाय, तो पण धरा. वसुलीवाले जुन्या खात्यावर "पाचशे रुपये तरी टाका, चांगुलपणा म्हणून" असं का म्हणतात ते आता कळलं असेल. अशा पैशाबद्दल आधी वकिलाला विचारा मग टाका.

बाकी तपासायच्या गोष्टी पटापट. खाते उताऱ्याला बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याचं प्रमाणपत्र जोडलंय का, कॉम्प्युटरची नुसती प्रिंट पुरत नाही. दाव्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा अधिकारपत्राचा कागद आहे का. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर तो विक्रीचा करार जोडलाय का आणि त्यात तुमचं खातं आहे का. हे मुद्दे एकटे दावा पाडतील असं नाही, बँक नंतर कागद आणून भोक बुजवू शकते, पण तडजोडीत वजन येतं. जामीनदार असाल तर "कर्ज मी घेतलं नाही" हा बचावच नाही, कायद्याने तुमची जबाबदारी कर्जदाराएवढीच, फक्त बँकेने तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर तो मुद्दा जरूर घ्या. आणि कर्जदार वारलेले असतील आणि वारस म्हणून तुम्हाला ओढलं असेल तर जेवढी मालमत्ता त्यांच्याकडून मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी, तसं स्पष्ट लिहा.

कैफियत लिहिताना नियम एकच, दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर. "दाव्यातील सर्व मजकूर खोटा व नाकबूल" असं एका ओळीत उडवून दिलं तर कोर्ट जे नेमकेपणाने नाकारलं नाही ते कबूल धरू शकतं. म्हणजे समजा परिच्छेद ४ मध्ये बँक म्हणते प्रतिवादीने २ लाख कर्ज घेतलं आणि आज २ लाख ८६ हजार येणं आहे, तर उत्तर असं, "परिच्छेद ४ मधील कर्ज घेतल्याचा मजकूर बरोबर आहे. परंतु रु. २,८६,००० येणे असल्याचा मजकूर खोटा असून नाकबूल आहे. प्रतिवादीने अमुक व अमुक तारखेस भरलेले हप्ते तसेच पावती क्रमांक अमुकने दिलेले रु. ६,००० वादीने जमा धरलेले नाहीत." खरं ते मान्य, खोटं ते नेमकं नाकबूल. सही तुमची असताना नाही म्हणू नका, पुढे उलटतपासात न्यायाधीशांसमोर तोंडघशी पडता आणि मग तुमचं खरंही कोणी ऐकत नाही. शेवटी अधिकचं म्हणणं म्हणून आपली हकीकत, नोकरी कधी गेली, बँकेला कधी कळवलं, आणि विनंतीत दावा खर्चासह रद्द व्हावा, पर्यायाने रक्कम ठरलीच तर हप्ते बांधून मिळावेत आणि हुकूमनाम्यानंतरचं व्याज ६ टक्क्यांच्या वर लावू नये, कारण व्यापारासाठी घेतलेलं कर्ज नसेल तर कलम ३४ प्रमाणे तीच कमाल मर्यादा आहे. हप्त्याचं आत्ताच मागा, हुकूमनामा झाल्यावर हप्ते पाहिजेत तर बँकेची संमती लागते. सोबत पावत्या, पासबुक, मेल, सगळं यादी करून जोडा, आणि एक प्रत बँकेच्या वकिलाला देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या.

वकील परवडत नाही हे कारण ऐकून मला वाईट वाटतं कारण त्याच कोर्टाच्या इमारतीत विधी सेवा समितीचं ऑफिस असतं आणि लोकांना माहितच नसतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, दिव्यांगांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. फोन नंबर १५१००. स्वतः उभं राहूनही केस लढता येते, वकीलपत्राची सक्ती नाही, पण समरी दावा असेल तर तो हट्ट करू नका.

आता तडजोड. बहुतेक प्रकरणं इथेच संपतात आणि संपवावीत. पण शाखेतल्या साहेबांनी फोनवर "तुम्ही पन्नास हजार टाका, आम्ही केस मागे घेतो, तारखेला यायची गरज नाही" असं म्हटलं तर पैसे पण टाकू नका आणि तारीख पण चुकवू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने पैसे टाकले, तारखेला गेला नाही, साहेबांची बदली झाली, आणि वकिलाला कोणी काही कळवलंच नव्हतं त्यामुळे एकतर्फी हुकूमनामा झाला. ओटीएसचं म्हणजे ठरलेल्या रकमेत कर्ज मिटवण्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, खाते क्रमांक, एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि "पूर्ण व अंतिम" हे शब्द असलेलं घ्या, आणि मग तेच कोर्टात तडजोड पुरसीस (तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) म्हणून दोन्ही बाजूंच्या सह्यांनी दाखल करा किंवा लोकअदालतीत ठेवा. लोकअदालतीतला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा, तिथे मोठेपणा करून महिना वीस हजार म्हणायचं आणि तिसऱ्या महिन्याला थकायचं असं करू नका. ओटीएस केलं की सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा येतो, 'क्लोज्ड' नाही, पुढे होमलोन घ्यायचं असेल तर हे माहीत असू द्या.

आणि हे सगळं वाचेपर्यंत उशीर झाला असेल, एकतर्फी झालं असेल, तरी संपलेलं नाही. ऑर्डर ९ रूल १३ खाली तो हुकूमनामा रद्द करायचा अर्ज ३० दिवसात करता येतो, समन्स नीट बजावलंच नसेल तर तुम्हाला कळल्यापासून ३० दिवस. दुसऱ्याच पत्त्यावर समन्स गेलं असेल तर भाडेकरार, वीजबिल जोडा. समरी दाव्यातल्या हुकूमनाम्याला वेगळी तरतूद आहे आणि ती जास्त कडक आहे, तिथे न येण्याचं कारण खास असायला लागतं.

हुकूमनामा कायम झाला तर बँक दरखास्त म्हणजे वसुलीच्या अंमलबजावणीचा अर्ज लावते, त्यासाठी १२ वर्षं असतात. पगार जप्त करता येतो पण पूर्ण नाही, पहिले १००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग हात लावता येत नाही. पीएफ, सरकारी पेन्शन याला जप्ती नाही. तुरुंगात टाकतील या भीतीने लोकांची झोप उडते, तर नुसतं पैसे नाहीत म्हणून दिवाणी कैद होत नाही, पैसे असून मुद्दाम देत नाही किंवा मालमत्ता लपवली असं बँकेने दाखवायला लागतं, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून समन्स आल्यावर घर घाईघाईने भावाच्या नावावर करू नका, तो व्यवहार तर रद्द होऊ शकतोच वर तुम्ही लपवताय हा पुरावा आयता हातात देता.

माझं प्रकरण १ लाख ९० हजारात मिटलं, सहा हप्त्यात. शेवटचा हप्ता भरल्यावर मी बँकेचं नो ड्यूज म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घेतलं आणि कोर्टात नक्कल अर्ज करून तडजोडीच्या हुकमाची शिक्क्याची प्रत काढून ठेवली, त्याला आठ-दहा दिवस आणि थोडेसेच पैसे लागले. पुढे दोन वर्षांनी कुठल्यातरी वसुली एजन्सीच्या पोरीचा फोन आला, सर तुमचे २ लाख ८६ हजार पेंडिंग आहेत, आकडा पण तोच. त्या प्रतीचा फोटो पाठवला, निळी टिक आली, परत फोन नाही.